‘वुदरिंग’ आणि ‘भणाण’

इंग्रजी कादंबऱ्यांत असे नाव क्वचितच आढळेल, की ज्याचा अर्थ खुद्द इंग्रज वाचकालाही पहिल्या प्रकरणात समजावून द्यावा लागला. एमिली ब्राँटे हिची ‘वुदरिंग हाइट्स’ ही ती कादंबरी होय. ती १८४७ च्या डिसेंबरात ‘एलिस बेल’ या टोपणनावाने प्रसिद्ध झाली. आपल्याकडे ती महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमांतून वाचली गेली, आणि ‘दिल दिया दर्द लिया’ (१९६६) या हिंदी चित्रपटाच्या रूपाने, मूळ नावही ठाऊक नसलेल्या प्रेक्षकांपर्यंत तिची कथा पोहोचली. तथापि त्या नावातील पहिल्या शब्दाकडे आपल्या अभ्यासकांनी द्यावे तितके लक्ष दिलेले नाही, असे आम्हांस वाटते. वादळी हवेतील वाऱ्याचा कल्लोळ दाखविणारा तो एक प्रांतिक शब्द आहे. त्याचा अर्थ काय, तो आला कोठून, आणि मराठीत त्याच्या जोडीला कोणता शब्द उभा राहील, एवढेच प्रश्न प्रस्तुत लेखात आम्ही घेतले आहेत. प्रश्न लहान दिसतात, पण त्यांच्या पोटी भाषेच्या एका मोठ्या व्यवहाराचा विचार दडला आहे.

प्रथम अर्थ. कादंबरीचा आरंभ १८०१ सालातील आहे. दक्षिणेकडून आलेला लॉकवुड नावाचा भाडेकरू माळावरच्या त्या घराला भेट देतो आणि वाचकाला सांगतो की, ‘वुदरिंग’ हे तिकडच्या बोलीतील विशेषण असून वादळात त्या जागेवर वातावरणाची जी झोंबाझोंबी चालते तिचे ते वर्णन आहे. एवढे सांगून तो थांबत नाही. घराच्या कडेची खुरटलेली, एका अंगाला कललेली झाडे आणि एकाच दिशेला फांद्या पसरलेली काटेरी झुडपे दाखवून वाऱ्याच्या जोराचा अंदाज आपण करावा असे तो सुचवितो. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. शब्दाचा अर्थ सांगणारा हा मनुष्य परका आहे. नेली डीन ही त्या घरात वाढलेली बाई पुढे सारी कथा सांगते, पण ‘वुदरिंग’ म्हणजे काय हे सांगण्याची गरज तिला कधीच भासत नाही. ज्याला वारा ऐकू येतो त्याला कोश लागत नाही. कोश लागतो तो लॉकवुडला, आणि म्हणूनच तो त्याच्या तोंडी घातला आहे.

परंतु लॉकवुडला तो शब्द खरा कळतो तो पहिल्या प्रकरणात नव्हे, तिसऱ्या प्रकरणात. रात्री बर्फ आणि वारा यांत अडकून तो त्या घरी मुक्कामास राहतो. खिडकीच्या काचेवर फरच्या झाडाची फांदी आपटत असते. तो आवाज थांबविण्यासाठी काच फोडून तो हात बाहेर घालतो, आणि फांदीऐवजी एका बर्फासारख्या थंडगार, लहानशा हाताची बोटे त्याच्या हाती लागतात. स्वप्न की भूत, याची चर्चा टीकाकार करीत आले आहेत. आमच्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच की, आरंभी जे विशेषण म्हणून समजावून दिले होते ते येथे आवाज होऊन येते, आणि त्या आवाजाला पुढे हात फुटतो. कोशातला अर्थ आणि कादंबरीतला अर्थ यांतील अंतर ते हेच.

आता उगम. ‘वुदर’ हे क्रियापद उत्तर इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्या बोलींतील ‘व्हिदर’ या क्रियापदाचे रूप मानले जाते. वेगाने सुटणे, घोंघावत जाणे असा त्याचा अर्थ. त्याचे मूळ उत्तरेकडील नॉर्स भाषेत असून, तेथे वाऱ्याच्या झोताला ‘ह्विदा’सारखा शब्द होता. हजार-अकराशे वर्षांपूर्वी समुद्र ओलांडून यॉर्कशायरमध्ये वसाहत करणाऱ्या नॉर्स लोकांनी आपल्याबरोबर आपला वाराही आणला, असे म्हणावयास हरकत नाही. प्रमाण इंग्रजीने तो शब्द घेतला नाही. तो माळावर राहिला आणि एका कादंबरीने त्याला जगभर नेले. योगायोग असा की, लेखिकेचे आडनावही मेघगर्जनेचेच आहे. तिचे वडील पॅट्रिक हे आयर्लंडातील. त्यांच्या घराण्याचे नाव ‘ब्रंटी’ किंवा ‘प्रंटी’ असे होते. केंब्रिजला गेल्यावर त्यांनी ते बदलून ‘ब्राँटे’ केले. नेल्सनला १७९९ मध्ये सिसिलीतील ब्राँटे या ठिकाणची जहागिरी मिळाली होती, तिचा हा प्रभाव असावा असे सामान्यतः मानतात. ग्रीक भाषेत ‘ब्राँटे’ म्हणजे मेघगर्जना. अशा रीतीने त्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर आज वारा आणि गर्जना दोन्ही शेजारी बसले आहेत.

वादळाच्या शब्दांचा उगम शोधताना मात्र एक धोका असतो. त्याचे उत्तम उदाहरण म्हणजे मेघगर्जनेचा नेहमीचा इंग्रजी शब्द ‘थंडर’. तो कानाला इतका अनुकरणात्मक वाटतो की, आकाशातील आवाजाची नक्कल करून तो बनला हे सांगण्यास पुरावा मागावा असे कोणास वाटत नाही. मॅक्समुल्लर यांनी १८६१ च्या भाषाशास्त्रावरील प्रसिद्ध व्याख्यानांत नेमका हाच शब्द उचलला. भाषेचा उगम आवाजांच्या नकलेत आहे या मताची त्यांनी ‘भू-भू सिद्धान्त’ अशा अर्थाच्या नावाने टवाळी केली, आणि ‘थंडर’ हा शब्द ‘तन्’ म्हणजे ताणणे या धातूपासून आला असल्याने त्यात नकलेचा लवलेश नाही असे प्रतिपादन केले. वैदिक ‘तन्यतु’ हा शब्द त्यांनी साक्षीस उभा केला. पुढील काळातील व्युत्पत्तिशास्त्राने त्यांचे अर्धे म्हणणे राखले आणि अर्धे सोडले. ‘थंडर’, जर्मन ‘डोनर’, लॅटिन ‘टोनारे’ आणि आपले ‘स्तनित’, ‘स्तनयित्नु’ हे शब्द एकाच कुळातले आहेत, हे खरे ठरले. इंग्रजीतील ‘ड’ मागाहून शिरलेला आहे. जुने रूप ‘थुनोर’ असे होते. मात्र या कुळाचा मूळ धातू ताणण्याचा ‘तन्’ नसून गर्जण्या-कण्हण्याचा ‘स्तन्’ होय, आणि तो धातू स्वतःच अनुकरणात्मक असण्याचा पुष्कळ संभव आहे, असे आज मानतात. म्हणजे मॅक्समुल्लर यांनी पुढच्या दाराने बाहेर घालविलेली नक्कल मागच्या दाराने पुन्हा घरात आली. पर्जन्यसूक्तातील गर्जना आणि यॉर्कशायरच्या शेतकऱ्याची गर्जना एकाच आवाजाच्या दोन शाखा आहेत, ही गोष्ट मनाला मोठी मौजेची वाटते.

हाच धोका आमच्या सीमाभागात निराळ्या रूपाने दिसतो. बेळगाव-निपाणीकडील मुलाच्या कानावर एकाच दुपारी मराठी ‘गडगडाट’ आणि कन्नड ‘गुडुगु’ हे दोन्ही शब्द पडतात. मग कोणी अभिमानी कन्नड गृहस्थ म्हणतो, गडगडाट आमचा. कोणी तितकाच अभिमानी मराठी गृहस्थ म्हणतो, गुडुगु आमचा. वास्तविक हे भांडण ढगाचे आहे. ज्या शब्दांचा जन्म आवाजाच्या अनुकरणातून होतो त्यांच्यातील सारखेपणावरून उसनवारी सिद्ध होत नाही, कारण दोघांचाही सावकार एकच असतो. मोल्सवर्थ यांनी आपल्या कोशात (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) अशा शब्दांपुढे ते अनुकरणात्मक असल्याची टीप दिली, आणि दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’नेही (१९३२ पासून) ‘ध्व.’ ही खूण करून संस्कृत वा द्राविड मूळ शोधण्याचा हव्यास टाळला. हा संयम अनुकरणीय आहे. ‘वादळ’ या शब्दाची गोष्ट वेगळी. त्याचे नाते ढगाळ, पावसाळी दिवसाच्या ‘वार्दल’ या शब्दाशी लावतात आणि हिंदी ‘बादल’ त्याचाच भाऊ समजतात. ‘तुफान’ अरबीतून फारसीच्या वाटेने आले. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राटा’ने (१९७०) स्वतःला तुफान म्हणवून घेतले तेव्हा तो परका शब्द मराठी रंगभूमीच्या रक्तात मिसळून गेला. पण ‘वादळ’ आणि ‘तुफान’ हे शब्द घटनेचे नाव सांगतात. घटनेचा आवाज त्यांत ऐकू येत नाही.

आवाज ऐकावयाचा तर मराठीच्या दुसऱ्या कोठारात शिरले पाहिजे. येथे मराठीची श्रीमंती पाहून इंग्रजीचा अभ्यासक थक्क व्हावा. ढग गडगडतो, वीज कडाडते, वारा घोंघावतो, सोसाटतो, रोंरावतो, भणाणतो. या शब्दांची वाटणी मनमानी नाही. वीज जवळ पडली तर आवाज एका फटक्यासारखा येतो. ती दूर असेल तर तोच आवाज लांबत, लोळत येतो. याचे कारण असे की, विजेचा मार्ग कित्येक किलोमीटर लांब असतो, त्याच्या निरनिराळ्या भागांतून निघालेला आवाज मागेपुढे कानी येतो आणि त्यातील तीव्र स्वर वाटेत विरून जातात. आवाजाला एक किलोमीटर यावयास सुमारे ३ सेकंद लागतात. हे पदार्थविज्ञान शाळेत शिकविण्याच्या कितीतरी आधी मराठी भाषेने जवळच्या आवाजाला कठोर ‘क’ देऊन ‘कडकडाट’ म्हटले, आणि दूरच्या आवाजाला मृदू ‘ग’ देऊन ‘गडगडाट’ म्हटले. कन्नडनेही ढगाचा आवाज तो ‘गुडुगु’ आणि कोसळणारा वज्राघात तो ‘सिडिलु’ असा भेद राखला आहे. इंग्रजीत मात्र एकाच ‘थंडर’ला निरनिराळे सोबती जोडून हा भेद करावा लागतो.

असे असता ‘वुदरिंग’ला मराठी शब्द सहज मिळावा. पण तो मिळत नाही, आणि का मिळत नाही हाच आमच्या विवेचनाचा मुख्य मुद्दा आहे. ‘झंझावात’ हा भारदस्त शब्द भाषांतरकाराला प्रथम सुचेल. त्यात ‘झंझा’ हे अनुकरणही आहे. पण तो ग्रंथातून आलेला शब्द आहे, आणि माळावरचा शेतकरी आपल्या घराला झंझावाताचे नाव देणार नाही. ‘घोंघावणे’ जवळचे खरे, परंतु त्यात माशीचीही घोंघ आहे. शिवाय वृत्तपत्रांतील संकटे आणि राजकीय वादळे इतकी वर्षे घोंघावत आली आहेत की, शब्दाची धार बोथट झाली आहे. खरी अडचण याहून खोल आहे. ‘वुदरिंग’ हे वाऱ्याचे विशेषण नाही. ते घराचे, त्या उंचवट्याचे विशेषण आहे. वाऱ्याचा आवाज शतकानुशतके एका जागेवर आदळत राहिला आणि अखेर तो त्या जागेचा गुण होऊन बसला. ‘घोंघावणारा वाडा’ म्हटले तर वाडाच माशीसारखा घोंघावू लागेल! आपल्याला असा शब्द हवा की जो वाऱ्यावरून उठून जागेवर जाऊन बसू शकेल.

अशी स्थलांतरे आपल्या परंपरेला अपरिचित नाहीत. संस्कृतात वाऱ्याने नादणाऱ्या वेळूंना ‘कीचक’ असे स्वतंत्र नाव आहे. अमरकोशाने त्याची नोंद केली आहे आणि कालिदासाने ‘मेघदूता’त त्या वेळूंचा नाद ऐकविला आहे. म्हणजे वाऱ्याचा आवाज तेथे वेळूचे नाव होऊन राहिला. बेळगावचे जुने नाव ‘वेणुग्राम’, वेळूंचे गाव. ज्या गावाने वेळूचे नाव घेतले त्या गावाच्या माणसाला वारा आणि जागा यांचे नाते निराळे समजावून देण्याचे कारण नाही. त्याच बेळगावात ‘माळमारुती’ नावाचा भाग आहे. माळावर वाऱ्याच्या पुत्राची स्थापना करणाऱ्या लोकांच्या मनात कोणता आवाज असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

आमच्या मते येथे योग्य शब्द ‘भणाण’ हा होय. वारा भणाण सुटतो आणि ओसाड माळही भणाण असतो. एकच शब्द आवाजाचा आणि ओसाडपणाचा, वाऱ्याचा आणि जागेचा. ‘भणाण माळ’ असे म्हटले की, कललेली झाडे, एकाकी घर आणि रात्रीचा काचेवरचा आवाज हे सारे, काहीही समजावून न देता, मराठी वाचकाच्या कानाशी येते. कादंबरीतील दुसरे घर, खोऱ्यातील आडोशाचे थ्रशक्रॉस ग्रेंज, भणाण नाही. आणि दोन घरांचा हा भेद म्हणजेच कादंबरीचा कणा होय. कॅथरीन भणाण जागेतून आडोशाला जाते आणि तेथे तिचा जीव गुदमरतो. हीथक्लिफ घर सोडून जातो त्या रात्री वादळात झाड मोडून त्याची प्रचंड फांदी छपरावर कोसळते आणि धुराड्याचा भाग खाली येतो. वाऱ्याचा आवाज हा तेथे पार्श्वसंगीत नाही, ते एक पात्र आहे. म्हणून नावाच्या भाषांतरात तो हरवला तर कादंबरीतील एक पात्रच वगळल्यासारखे होईल. आवाज सोडून केवळ अर्थ घेणारे भाषांतर येथे अपुरे ठरते ते याच कारणाने.

या विवेचनाचा आणखी एक धागा आहे आणि तो आम्हां शिक्षकांना अधिक जवळचा आहे. एमिली १८४८ च्या डिसेंबरात वयाच्या तिसाव्या वर्षी वारली. १८५० मध्ये तिची बहीण शार्लट हिने कादंबरीची नवी आवृत्ती काढली, तेव्हा जोसेफ या म्हाताऱ्या गड्याच्या तोंडची जाड यॉर्कशायरी बोली दक्षिणेकडील वाचकांना कळत नाही म्हणून तिने पुष्कळशी सौम्य केली. हेतू प्रेमाचाच होता, पण आज अभ्यासक बहुधा एमिलीच्या मूळ पाठाकडे वळतात, हा काळाचा निवाडा आहे. पुढे यॉर्कशायरमध्येच जन्मलेल्या जोसेफ राइट यांनी १८९८ ते १९०५ या काळात इंग्रजी बोलींचा सहा खंडांचा कोश सिद्ध केला. हे राइट बालपणी मोलमजुरी करीत, पंधराव्या वर्षाच्या सुमारास वाचावयास शिकले आणि पुढे ऑक्सफर्डला तौलनिक भाषाशास्त्राचे प्राध्यापक झाले. एका बहिणीने जे सौम्य केले त्याच जातीचे धन एका गिरणीतल्या पोराने कोशात साठविले.

आमच्या सीमाभागातील वर्गांत शार्लटचे काम रोज चालते, राइट यांचे क्वचित. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव जिल्हा तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला, आणि तेव्हापासून येथील मराठी शाळेवर आपली मराठी पुण्याइतकी शुद्ध असल्याचे सिद्ध करण्याचे एक ओझे येऊन पडले. त्याच्या पोटी मुलाच्या निबंधातील घरचा शब्द तांबड्या शाईने खोडला जातो आणि त्याच्या जागी ‘मेघगर्जना’ लिहिली जाते. गर्जनेवर आमचा राग नाही. पण त्या निबंधात ती बहुधा आषाढात होते, हे पाहावे. बेळगाव-निपाणीकडे आषाढाचा पाऊस घाटावरून येतो तो झड लावणारा, रिपरिपणारा, पुष्कळसा मुका. ढगांचा खरा गडगडाट आणि विजांचा कडकडाट येथे वैशाखात, दुपार कलल्यावर येणाऱ्या वळवात, आणि पुन्हा परतीच्या पावसात. कालिदासाचा गर्जणारा आषाढ त्याच्या मध्य भारतात खरा आहे, तेथे मेघांचे पहिले आगमनच त्या सुमारास होते. आमच्या मुलाने तो उसना घेतला म्हणजे त्याने स्वतःच्या कानांनी ऐकलेले खोडून दुसऱ्याच्या कानांनी ऐकलेले लिहिले, असे होते. हे भाषेचे नुकसान आहेच, पण त्याहून अधिक ते सत्याचे नुकसान आहे.

याउलट साहित्याचा अनुभव पाहावा. पट्टणकोडोलीच्या शंकर पाटलांनी आपल्या पहिल्या कथासंग्रहाला ‘वळीव’ हे नाव दिले आणि त्याचा अर्थ सांगणारा लॉकवुड त्यांना लागला नाही. व्यंकटेश माडगूळकरांनी १९४८ च्या जाळपोळीवरील कादंबरीला ‘वावटळ’ म्हटले, तेव्हा हवेचा एक खेडवळ शब्द इतिहासाचे ओझे पेलू शकतो हे दिसून आले. निपाणीत पिठाची गिरणी चालवीत लिहिणाऱ्या महादेव मोरे यांनी या भागाची बोली कथेत आणली, ती कोणाची परवानगी मागून नव्हे. या लेखकांना जे साधले त्याचे कारण असे की, त्यांनी शब्दाची जात न पाहता त्याचा आवाज पाहिला. एमिली ब्राँटेने केले ते याहून वेगळे नव्हते.

येथे कोणी म्हणेल की, बोलीचा असा गौरव करताना प्रमाणभाषेचे काय होईल. आमचे उत्तर असे की, प्रमाणभाषा हे सर्वांच्या भेटीचे ठिकाण आहे, आणि भेटीस येणाऱ्याने रिकाम्या हातांनी यावे असा नियम नाही. ‘वुदरिंग’ हा शब्द इंग्रजी प्रमाणभाषेत शिरल्याने ती भाषा बिघडली नाही; तिला एक असा आवाज मिळाला की जो तिच्याजवळ नव्हता. निबंधात ‘भणाण’, ‘रोंरावणे’ किंवा ‘वळीव’ आला तर परीक्षकाने तो प्रथम मोठ्याने वाचून पाहावा. शब्द कानाला खरा वाटला तर त्याचे गुण द्यावेत. न वाटला तर खोडावा, मग तो संस्कृत असो की गावचा. आणि कोशकारांनी या भागातील हवेचे, पावसाचे, आवाजांचे शब्द, मराठी आणि कन्नड दोन्ही, म्हातारे शेतकरी आणि त्यांच्या घरच्या बायका सांगू शकतात तोवर टिपून घ्यावेत. त्यांच्यापुढे ‘ध्व.’ एवढी खूण केली तरी पुरे. मूळ कोणाचे हा वाद मग ढगांवर सोपवावा.